व्याजदर उतरले, तरी अडचणीतील घरमालकाला आधार अपुराच
जुनवानी (भिलाई) : रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर चार टप्प्यांत ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. गृहकर्जदारांना मोठा दिलासा मिळाल्याची भावना त्यानंतर सर्वत्र व्यक्त झाली. मात्र छत्तीसगढमधील भिलाई शहराच्या कडेला विस्तारलेल्या जुनवानीसारख्या वस्तीत हा दिलासा सर्व घरांत सारखा पोहोचत नाही. ज्या कुटुंबाचा हप्ता दरमहा वेळेवर जातो, त्याच्यावरील व्याजाचा भार आज ना उद्या हलका होतो. ज्या कुटुंबातील कमावत्या व्यक्तीचे काम सुटले, दुकान बसले किंवा दीर्घ आजारपणात बचत संपली, त्याला दरकपातीचा उपयोग फारच थोडा. त्याची अडचण व्याजाच्या दराची नसून खंडित झालेल्या उत्पन्नाची असते, आणि त्या अडचणीसाठी देशात ठरलेली, हक्काने मागता येईल अशी व्यवस्था अद्याप नाही.

गेल्या काही वर्षांत गृहकर्जदारांच्या बाजूने अनेक चांगले नियम झाले आहेत. त्यांतील बहुतेकांचा लाभ हप्ता थकण्यापूर्वी मिळतो. हप्ता थकल्यानंतरचे नियम प्रामुख्याने वसुलीचे आहेत. या दोन टप्प्यांमध्ये जी जागा मोकळी राहिली आहे, तेथेच सामान्य घरमालक अडकतो.

कारखान्याच्या घरातून कर्जाच्या घरात

सोव्हिएत संघाच्या साह्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत वसली आणि देशाच्या सर्व भागांतून कामगार तेथे आले. शेजारच्या विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांचाही त्यांत मोठा वाटा होता. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढशी असलेले मराठी भाषकांचे नाते भिलाईने नव्या अर्थाने पुढे चालवले. या वसाहतीत राहणाऱ्या पहिल्या पिढीला गृहकर्जाचा प्रश्न फारसा पडला नाही. राहायला कारखान्याचे क्वार्टर होते आणि ते नोकरीशी बांधलेले होते.

हाच बांध पुढे प्रश्न बनला. नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. काही क्वार्टर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली, परंतु ती सर्वांना पुरणारी नव्हती. निवृत्तीपूर्वी स्वतःचे छप्पर हवे, या गरजेतून नेहरूनगर, स्मृतीनगर, जुनवानी असा शहराचा विस्तार होत गेला. जुनवानीत वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आल्या आणि मूळच्या शेतजमिनींवर भूखंड पडले. पाहता पाहता घरे उभी राहिली.

आज या भागात घर घेणारा वर्ग बदलला आहे. कारखान्यातील नियमित नोकऱ्यांचे प्रमाण घटले असून कंत्राटी कामाचा वाटा वाढला आहे. नंदिनी मार्ग आणि हथखोज येथील पूरक उद्योगांतील कामगार, खासगी महाविद्यालयांतील कर्मचारी, शिकवणी वर्गांतील शिक्षक आणि छोटे व्यापारी यांचे उत्पन्न वसाहतीतील जुन्या कामगाराइतके निश्चित नसते. पोलादाच्या मागणीत मंदी आली की पूरक कारखान्यातील पाळी कमी होते. महाविद्यालयातील प्रवेश घटले की कंत्राट पुढे चालू राहत नाही. गृहकर्जाचा हप्ता मात्र वीस वर्षे दर महिन्याच्या त्याच तारखेला द्यावा लागतो.

हप्त्याचे गणित

बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मानकाशी जोडावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रेपो दर मे २०२० पासून ४ टक्के होता. महागाई रोखण्यासाठी मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तो सहा वेळा वाढवून ६.५० टक्क्यांवर नेण्यात आला. अडीच टक्क्यांची ही वाढ एका साध्या उदाहरणावरून समजते.

रेपोवर ३ टक्के अधिक घेणाऱ्या बँकेकडून २५ लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतले, असे समजू. रेपो ४ टक्के असताना व्याजदर ७ टक्के आणि हप्ता सुमारे १९,३८३ रुपये होता. रेपो ६.५० टक्के झाल्यावर व्याजदर ९.५० टक्के होतो. या दराने २५ लाखांवरील एका महिन्याचे व्याजच १९,७९२ रुपये भरते. म्हणजे कर्जाच्या सुरुवातीलाच ही दरवाढ झाली आणि हप्ता तोच ठेवला, तर मुद्दल फिटणे दूरच, कर्ज दरमहा ४०९ रुपयांनी वाढत जाईल. तीच मुदत राखायची असेल तर हप्ता २३,३०३ रुपये करावा लागतो. महिन्याच्या खर्चात सुमारे ३,९०० रुपयांची ही वाढ पगारवाढीची वाट न पाहता येते.

आता दर उतरल्यावर हेच कर्ज ८.२५ टक्क्यांवर येते. येथे कर्जदाराला एक निवड असते. हप्ता कमी करून घेतला, तर तो सुमारे २१,३०२ रुपये होतो आणि महिन्याला २,००० रुपये हाती राहतात. हप्ता २३,३०३ रुपयेच ठेवला, तर २० वर्षांचे कर्ज सव्वासोळा वर्षांत फिटते. ज्याचे उत्पन्न स्थिर आहे, त्याच्या हिताचा दुसरा मार्ग आहे. ज्याच्या घरात महिन्याचा मेळ बसत नाही, त्याला पहिला मार्ग हवा असतो. परंतु कर्जदाराने काही कळवले नाही, तर दर उतरल्यावर हप्ता कायम ठेवून मुदत कमी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. परिणामी दरकपातीचा लाभ मिळतो तो कर्जाच्या अखेरच्या वर्षांत. आज अडचणीत असलेल्या कुटुंबाला आज तो जाणवत नाही.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. बाह्य मानकाची सक्ती बँकांना आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही. ज्यांच्याकडे पगारपत्रक नाही, आयकर विवरणपत्रांचा पुरेसा इतिहास नाही किंवा घराची कागदपत्रे बँकेच्या निकषांत बसत नाहीत, असे कर्जदार गृहवित्त कंपन्यांकडे वळतात. त्यांचा दर आधीच अधिक असतो आणि तो उतरण्याचा वेग कंपनीच्या धोरणावर अवलंबून असतो. दिलाशाची सर्वाधिक गरज असलेल्या वर्गापर्यंत दरकपात सर्वांत उशिरा पोहोचते, याचे हे एक कारण आहे.

नियमांनी काय दिले

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेली दोन परिपत्रके या संदर्भात महत्त्वाची ठरली. पहिल्यानुसार, व्याजदर बदलल्यास त्याचा हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो, हे कर्जदाराला कळवणे बंधनकारक झाले. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, ही निवड कर्जदाराकडे आली. अंशतः अथवा पूर्ण परतफेडीचा पर्याय कायम राहिला. मुदत वाढवताना हप्ता व्याजापेक्षा कमी पडून कर्ज फुगत जाणार नाही, याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवर टाकण्यात आली. आतापर्यंत किती मुद्दल व किती व्याज वसूल झाले आणि किती हप्ते उरले, याचे विवरण दर तिमाहीला देणेही आवश्यक झाले. स्थिर दराकडे वळण्याचा पर्यायही त्या वेळी देण्यात आला होता. सप्टेंबर २०२५ मधील दुरुस्तीनंतर तो द्यावा की नाही, हे संस्थेच्या इच्छेवर सोपवण्यात आले आहे.

दुसऱ्या परिपत्रकाने दंडव्याजाची पद्धत बंद केली. हप्ता चुकल्यास दंडाची वाजवी रक्कम आकारता येते, मात्र ती व्याजदरात मिसळून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला दूरध्वनी करू नये, असे निर्देश ऑगस्ट २०२२ मध्येच देण्यात आले होते.

हे सर्व नियम कर्जदाराला माहिती, निवड आणि सन्मान देतात. त्यांचे मोल कमी नाही. मात्र उत्पन्नच थांबलेल्या कुटुंबाला सहा महिने श्वास घेऊ द्या, असे यांतील एकही नियम सांगत नाही. केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान आहे. वार्षिक ९ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पात्रतेनुसार १.८० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. ती १ सप्टेंबर २०२४ पासून मंजूर आणि वितरित झालेल्या कर्जांसाठी आहे. नवे घर घेणाऱ्याला ती उपयोगी पडते. आधीच घेतलेल्या घराचा हप्ता थकलेल्याचा तिच्याशी संबंध येत नाही.

कोविडकाळाचा धडा

थकलेल्या गृहकर्जदारांसाठी देशव्यापी सवलत अलीकडच्या काळात एकदाच देण्यात आली. कोविडच्या साथीत २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने तीन महिन्यांची हप्ता स्थगिती जाहीर केली आणि पुढे ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली. या सहा महिन्यांत हप्ता न भरणारे खाते थकीत धरले गेले नाही. व्याज मात्र चालूच राहिले.

या व्याजावरील व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. केंद्राने २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ व साध्या व्याजातील फरक परत देण्याची योजना आणली. २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने स्थगितीच्या काळासाठी कोणाकडूनही चक्रवाढ व्याज घेऊ नये, असे सांगितले. संपूर्ण व्याजमाफीची मागणी मात्र फेटाळली. ठेवीदारांना व्याज द्यावेच लागते, हे त्यामागील कारण होते.

या दिलाशाचे वजन आकड्यांत मोजता येते. २५ लाखांच्या कर्जावर ८ टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज चक्रवाढीने सुमारे १,०१,७०० रुपये होते, साध्या हिशेबाने १ लाख रुपये. म्हणजे कर्जदाराला परत मिळाले ते सुमारे १,७०० रुपये. उरलेले लाखभर रुपये त्याच्या कर्जात जमा झाले. तरीही स्थगितीचा खरा लाभ वेगळा होता. त्या सहा महिन्यांत त्याचे खाते चांगले राहिले आणि घरावर नोटीस आली नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ मध्ये कर्ज पुनर्रचनेच्या दोन योजना आल्या. त्यांत दोन वर्षांपर्यंत सवलत देऊनही खाते ‘चांगले’ गणण्याची मुभा बँकांना होती. त्या योजनांची मुदत संपली आणि ती मुभाही संपली.

नव्वद दिवसांची भिंत

सध्याच्या नियमांनुसार हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार, असे खाते पुन्हा चांगले ठरण्यासाठी सर्व थकबाकी भरावी लागते. तीनपैकी एक हप्ता भरून भागत नाही. कुटुंबाने दागिने मोडून एक हप्ता भरला, तरी खात्याचा शिक्का तोच राहतो.

याहून मोठी अडचण आधीच्या टप्प्यावर आहे. आर्थिक अडचणीमुळे बँकेने एखाद्या कर्जदाराची मुदत वाढवली वा हप्ता कमी केला, तर ती पुनर्रचना मानली जाते आणि सर्वसाधारणपणे खात्याची प्रत लगेच खालावते. त्यासाठी बँकेला नफ्यातून तरतूद करावी लागते. पूर, भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत बाधित भागातील कर्जदारांसाठी वेगळी सवलत आहे. मात्र एकाच घरावर कोसळलेली आपत्ती, म्हणजे नोकरी जाणे, अपघात, कर्करोगाचे निदान, या सवलतीत बसत नाही. शाखा व्यवस्थापकाला सहानुभूती असली, तरी नियमांची रचना त्याला मदतीऐवजी प्रतीक्षेकडे ढकलते.

खाते अनुत्पादक झाल्यावर २००२ चा सरफेसी कायदा लागू होतो. या कायद्याने तारण घर न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँका व गृहवित्त कंपन्यांना दिला आहे. प्रथम ६० दिवसांची मागणी नोटीस येते. कर्जदाराने आक्षेप घेतल्यास १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. त्यानंतर ताबा आणि पहिल्या विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे साह्य घेता येते. जुनवानीसाठी ते दुर्ग येथे आहेत. प्रत्यक्षात अधिक काळ लागत असला, तरी कागदावर पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून लिलावापर्यंतचे अंतर सुमारे सहा महिन्यांचे आहे.

कायद्यात कर्जदाराला संरक्षण नाही असे नाही. मुद्दल व व्याज मिळून देय रक्कम २० टक्क्यांहून कमी उरली असेल, तर ही कारवाई करता येत नाही. कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मात्र छत्तीसगढची प्रकरणे ज्या न्यायाधिकरणाकडे जातात, ते मध्य प्रदेशातील जबलपूरला आहे. जुनवानीपासून ते तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. अपील करायचे तर प्रयागराजचे अपिलीय न्यायाधिकरण. तेथे कर्जदाराला देय रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. न्यायाधिकरण ती एक चतुर्थांशापर्यंत कमी करू शकते. अर्ज ऑनलाइन दाखल करता येतो, तरी वकील, कागदपत्रे आणि तारखा यांचा खर्च टळत नाही. हप्ता भरण्यास पैसे नसलेल्या माणसाकडून ही तयारी अपेक्षिली जाते.

घर सोडवून घेण्याची मुदतही आखडली आहे. पूर्वी विक्रीच्या तारखेपर्यंत पूर्ण देणे भरून घर वाचवता येई. २०१६ च्या दुरुस्तीने ही सीमा लिलावाच्या नोटिशीच्या प्रसिद्धीपर्यंत मागे आणली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात ती काटेकोरपणे लागू असल्याचे स्पष्ट केले. एकरकमी तडजोड कर्जदाराला हक्क म्हणून मागता येत नाही, हेही डिसेंबर २०२१ च्या एका निकालाने ठरले आहे. नातेवाइकांकडून पैसे जमवेपर्यंत वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात आली, तर ते पैसे असूनही उपयोगाचे राहत नाहीत.

कंपनीला मार्ग, कुटुंबाला नाही

बुडालेल्या कंपनीसाठी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ठरावीक मार्ग आखला. कारवाईला तात्पुरती स्थगिती मिळते, सर्व धनको एकत्र बसतात आणि देण्याचा काही भाग सोडून तोडगा काढता येतो. हीच संहिता व्यक्तींसाठीही लिहिली गेली. तिचा तिसरा भाग व्यक्ती व भागीदारी संस्थांसाठी आहे. त्यांतील तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या त्या केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरत्या. सामान्य पगारदार वा दुकानदारासाठी त्या अद्याप कागदावर आहेत.

त्या कागदावरही घरमालकाला फारसे स्थान नाही. लहान कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणाऱ्या तरतुदीसाठी वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपयांहून आणि मालमत्ता २० हजार रुपयांहून अधिक नसावी, अशी अट आहे. शिवाय अर्जदाराच्या मालकीचे राहते घर नसावे. मग ते तारण असो वा नसो.

ज्या भूमीवर आज जुनवानी आहे, तेथे याबाबत वेगळा इतिहास आहे. दुर्ग जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा १९३३ मध्ये मध्य प्रांताने कर्ज समेट कायदा केला. कर्जदार आणि सावकार यांना मंडळासमोर बसवून देणे ठरवायचे, ते हप्त्यांत बांधून द्यायचे, असा त्याचा हेतू होता. त्याच्याही आधी, १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उसळलेल्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. त्याने न्यायालयांना गहाणखताच्या मागे जाऊन कर्जाचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला.

हे कायदे निर्दोष नव्हते. सावकारांनी पळवाटा शोधल्या आणि काही ठिकाणी शेतकऱ्याला नवे कर्ज मिळणे अवघड झाले. तरीही कर्जदार बुडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना एकत्र बसवणारी तिसरी व्यक्ती असावी, हा विचार त्यांनी मान्य केला होता. आजच्या शहरी घरमालकाला ती तिसरी व्यक्ती उपलब्ध नाही. रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना नियमभंगाची तक्रार ऐकते. परतफेडीचा नवा करार करून देणे तिचे काम नाही.

जगात काय घडले

अन्य देशांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. महामंदीत अमेरिकेने १९३३ मध्ये गृहमालक कर्ज महामंडळ स्थापन करून सुमारे १० लाख घरांची थकीत कर्जे दीर्घ मुदतीच्या नव्या कर्जांत बदलली. कोविडकाळात तेथे सरकारी पाठबळ असलेल्या गृहकर्जांवर प्रत्येकी १८० दिवसांच्या दोन टप्प्यांत हप्त्यांना विराम मिळाला. ब्रिटनमध्ये व्याजदर झपाट्याने वाढल्यावर जून २०२३ मध्ये सरकार, नियामक आणि प्रमुख बँका यांच्यात सहमतीची सनद झाली. तिच्यानुसार कर्जदाराला सहा महिने केवळ व्याज भरता येते आणि पहिला हप्ता चुकल्यापासून १२ महिन्यांच्या आत त्याच्या संमतीविना घराचा ताबा घेतला जात नाही. यातील महत्त्वाचा भाग असा की, सवलत मागितल्याने पतमानांकनावर परिणाम होणार नाही, हे आधीच सांगितले गेले.

भारतातील आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. गृहकर्जाचा पैसा ठेवीदारांचा असतो. वसुली अवघड झाली तर बँका लहान उत्पन्नाच्या कर्जदारांना दारातूनच परत पाठवतील. दिवाणी न्यायालयात दावे वर्षानुवर्षे रेंगाळत, म्हणून सरफेसी कायदा आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात त्याची मूळ चौकट वैध ठरवली. गृहकर्जाचे दर अन्य कर्जांपेक्षा कमी राहतात, त्यामागे या तारणाचा भरवसा आहे. सरसकट माफी दिल्यास नियमित हप्ते भरणाऱ्याला मूर्ख ठरल्यासारखे वाटेल, हेही खरे.

म्हणूनच चर्चा माफीची नसून वेळेची आणि कार्यपद्धतीची व्हायला हवी. थकबाकीदार घराचा लिलाव बँकेलाही परवडतोच असे नाही. ताब्यातील घर बाजारभावापेक्षा कमी किमतीत जाते, खर्च वाढतो आणि उरलेल्या रकमेसाठी पुन्हा पाठपुरावा करावा लागतो. पुन्हा कामाला लागण्याची शक्यता असलेल्या कर्जदाराला सहा महिने दिले, तर अनेकदा दोघांचेही नुकसान टळते.

मोकळी जागा कशी भरेल

या मोकळ्या जागेसाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. आपत्तीग्रस्त भागासाठी जी सवलत आहे, तिच्या धर्तीवर नोकरी जाणे, गंभीर आजार किंवा कमावत्या व्यक्तीचा मृत्यू अशा पुराव्याने सिद्ध होणाऱ्या प्रसंगी, राहत्या एकाच घराच्या कर्जासाठी, एकदाच आणि मर्यादित काळापुरती पुनर्रचना खात्याची प्रत न घसरवता करण्याची मुभा रिझर्व्ह बँक देऊ शकते. कोविडकाळातील दोन योजनांनी त्याचा नमुना तयार ठेवला आहे. पहिला हप्ता चुकताच कर्जदाराला त्याच्या भाषेत उपलब्ध पर्यायांचे पत्रक देणे संस्थांवर बंधनकारक करता येईल. न्यायाधिकरणाचे पीठ ठरावीक दिवशी रायपूर येथे बसले, तर दुर्ग, भिलाई आणि बिलासपूर येथील कर्जदारांचा जबलपूरचा फेरा टळेल. व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग टप्प्याटप्प्याने लागू करणे आणि त्यात राहत्या घराचा विचार करणे, हे काम संसदेचे व केंद्र सरकारचे आहे.

सरकारला या वर्गाची अडचण समजत नाही, असे म्हणता येणार नाही. रखडलेल्या गृहप्रकल्पांसाठी २०१९ मध्ये उभारलेल्या ‘स्वामीह’ निधीनंतर २०२५ च्या अर्थसंकल्पात १५ हजार कोटी रुपयांचा दुसरा निधी जाहीर झाला. घराचा हप्ता आणि भाडे असा दुहेरी भार वाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांचा उल्लेख अर्थमंत्र्यांनी त्या वेळी केला होता. अपूर्ण घराच्या कर्जदाराला जी दाद मिळाली, ती पूर्ण घरात राहूनही हप्त्याने वाकलेल्या कर्जदाराला अद्याप मिळायची आहे.

तोपर्यंत अडचणीतील कुटुंबाजवळ सर्वांत मोलाची गोष्ट उरते ती पहिले ९० दिवस. हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच बँकेकडे लेखी अर्ज करणे, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा पर्याय मागणे, व्याजदराचे विवरण तपासणे आणि मागणी नोटीस आलीच तर ६० दिवसांत आक्षेप नोंदवणे, एवढे मार्ग आजही खुले आहेत. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास लोकपालाकडे जाता येते. मात्र संकोचामुळे बहुतेक घरे या काळात गप्प राहतात. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या पिढीला नोकरी संपली की घर सोडावे लागत होते. कर्ज काढून त्या टांगणीतून बाहेर पडलेल्या पुढच्या पिढीचे घरही पुन्हा नोकरीच्याच भरवशावर उभे आहे. एखादा तिमाहीचा तोटा सोसूनही हे घर टिकेल, अशी तरतूद झाली तरच दरकपातीला दिलासा म्हणता येईल.